सही सोडून सगळं

घरातलं मोठं माणूस गेलं की पहिले तेरा-चौदा दिवस कुणी काय करायचं ते ठरलेलं असतं. अग्नी कुणी द्यायचा, दहाव्याला घाटावर कुणी जायचं, पिठलं-भात कुणाच्या घरून यायचा, चौदाव्याच्या गोडाच्या जेवणाला आचारी कोण, सगळ्याला वहिवाट आहे. मग पाहुणे आपापली एसटी पकडतात, सतरंज्या मंडपवाल्याकडे परत जातात आणि जेवणाच्या टेबलावर कागदांची एक रास उरते. तिच्याबद्दल कुठल्याच पोथीत काही लिहिलेलं नाही. ती ज्याच्या हाताला पहिल्यांदा लागेल, त्याची. आमच्या घरी ती माझ्या हाताला लागली, कारण टेबल पुसायला मी गेले होते.

गेले ते माझे सासरे, आप्पा. वय चौऱ्याऐंशी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम सातारा. २०२४ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बँकेत जाऊन पेन्शनरांच्या यादीवर आपण हयात असल्याची सही केली, येताना मंडईतून आवळे आणले, मोरावळ्याला साखर किती लागते यावर मला व्याख्यान दिलं आणि महिना संपायच्या आत गेले. मोरावळा अजून मुरायचा होता. सरकारच्या लेखी ते पुढच्या नोव्हेंबरपर्यंत हयात होते. तसं नाही, हे एकेका खिडकीवर जाऊन पटवून देण्याचं काम आमच्यावर आलं. आमच्यावर म्हणजे माझ्यावर.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याचे पहिल्या वर्गातले वारस कोण, याची त्यात यादी आहे. मुलगा, मुलगी, विधवा, आई आणि पुढे बरेच. सूनही आहे त्यात, पण ती आधीच वारलेल्या मुलाची विधवा असली तर. म्हणजे आप्पांच्या वारसांत माझी वर्णी लागायची, तर माझ्या नवऱ्याने आप्पांच्या आधी जायला हवं होतं. मी ही तरतूद मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा नवरा आमटी वाढून घेत होता. डाव हातातच ठेवून म्हणाला, "मग राहू दे. तू यादीबाहेरच बरी आहेस."

तेव्हा वर्षभर अर्ज मी भरले, झेरॉक्स मी काढल्या, रांगेत मी उभी राहिले. आणि जिथे फुली मारलेली असते तिथे बोट ठेवून "इथे" एवढं म्हणण्याचा अधिकार मला मिळाला. सह्या तिघांच्या: सासूबाई, नवरा आणि इंदूरच्या वन्सं. खिडकीपलीकडच्या माणसांना ही व्यवस्था उमगायला जरा वेळ लागे.

"तुम्ही मयताच्या कोण?"

"सून."

"मग वारस कुठे आहेत?"

"एक कंपनीत, एक इंदूरला, एक देवळात."

यावर एका कार्यालयातल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, अर्ज ओढून घेतला आणि न विचारता सांगितलं, "माझ्याही सासऱ्यांचं मीच केलं." त्या दिवशी माझं काम लवकर झालं.

आप्पांचे कागद होते, हे आधी सांगितलं पाहिजे. काहीच सापडत नाही, पासबुकं कुठल्या बँकेची तेसुद्धा ठाऊक नाही, अशा घरांच्या कहाण्या मी ऐकून आहे. आमच्याकडे उलटी आपत्ती. सगळं सापडत होतं. पोस्टाचे शिक्के मारलेलं रेडिओचं लायसन सापडलं. नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला सापडला. धोम धरणाच्या कामावर असताना घेतलेल्या गमबुटांची पावती सापडली. विजेची बिलं तारेला टोचलेली, घरपट्टी रेक्झिनच्या पिशवीत, ठेवींच्या पावत्या गोदरेजच्या कपाटातल्या चोरकप्प्यात. या चोरकप्प्याची किल्ली कपाटालाच दोऱ्याने बांधलेली असे.

आणि एक वही. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. तिच्यात पहिल्या पानापासून गॅस सिलिंडरचा हिशेब. कधी लावला, कधी संपला, किती दिवस पुरला. ज्या माणसाने उभी नोकरी धरणात पाणी किती आणि ते किती दिवस पुरेल हे मोजण्यात घालवली, तो सिलिंडर मोजल्याशिवाय कसा राहील? शेवटच्या रकान्यात शेरा. "४४ दिवस. उत्तम." "३९ दिवस. दिवाळी." "२८ दिवस. सूनबाईंचे माहेर आले होते." मी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या ते पान वाचलं. माझे आई-वडील एकूण चार दिवस राहून गेले होते. उरलेल्या तुटीला जबाबदार कोण, हे विचारायला आता माणूस नव्हता. मग मी ती वही 'महत्त्वाचे' असं लिहिलेल्या फायलीत ठेवली. ती तिथेच आहे.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा तसं सांगतो. दाखला मिळायला त्रास झाला नाही. त्रास होतो तो नंतर, कारण प्रत्येक ठिकाणी प्रत चालते, पण मूळ दाखला "फक्त बघायला" हवा असतो. म्हणून दाखल्याच्या शिक्क्याच्या प्रती भरपूर काढून ठेवाव्यात. आमच्या इथल्या झेरॉक्सवाल्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "दहा काढू का वीस?" मी म्हटलं, "इतक्या कशाला?" तो काही बोलला नाही. त्याने वीस काढल्या आणि त्या पुरल्या नाहीत.

खरी कटकट नावाची. आप्पांचं नाव पेन्शनच्या कागदावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. वडिलांचं नाव एके ठिकाणी पूर्ण, एके ठिकाणी आद्याक्षर, आणि आडनावाच्या इंग्रजी लेखनात कुणा कारकुनाने एक 'ए' जास्त घातलेला. आप्पा वर्षानुवर्षं या तिन्ही नावांनी सुखाने वावरले. ते गेल्यावर मात्र हे तिघं एकच आहेत की नाहीत अशी शंका सर्वांना एकदम आली. त्यासाठी प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प. आणि महाराष्ट्रात शंभर रुपयांचा स्टॅम्प बंद होऊन त्या जागी पाचशेचा आला तो ऑक्टोबर २०२४ मध्ये, आप्पा जायच्या जेमतेम महिनाभर आधी. कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा पैसे स्वस्त झेरॉक्ससाठी पोवई नाक्यापर्यंत चालत जाणारा माणूस. त्यांना हे आधी कळतं, तर त्यांनी सप्टेंबरमध्येच उरकून घेतलं असतं.

सह्यांची बैठक रविवारी दुपारी. आई, म्हणजे सासूबाई, जेवण झाल्यावर टेबलाशी येऊन बसायच्या, चष्मा पुसायच्या आणि पेन चालतं का ते आधी वर्तमानपत्राच्या कडेला करून बघायच्या. त्यांची सही म्हणजे पूर्ण नाव: आधी स्वतःचं, मग आप्पांचं, मग आडनाव. आखडती सही त्यांना कुणी शिकवली नाही आणि शिकायची त्यांना गरज पडली नव्हती. आयुष्यभर सह्या आप्पा करायचे. आता एकेका अर्जावर दहा ठिकाणी त्या सावकाश आप्पांचं नाव लिहीत. घाईत एकदा मी म्हटलं, "आई, नुसतं पहिलं नाव आणि आडनाव चालेल." त्या म्हणाल्या, "आणि हे?" आणि पुढच्या ओळीवर पुन्हा पूर्ण नाव लिहायला लागल्या. मी चहा टाकायला उठले.

आप्पांच्या ठेवी चार बँकांत होत्या. यालाही कारण होतं. बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्याचे पैसे मिळतात, ती मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखाची पाच लाख झाली. ही मर्यादा दर बँकेला वेगळी. मुंबईतली एक मोठी सहकारी बँक २०१९ साली अडचणीत आली, तेव्हा तिच्या दारातल्या रांगांचे फोटो आप्पांनी पेपरातून कापून ठेवले होते आणि सगळी पुंजी चार ठिकाणी वाटून टाकली होती. दूरदृष्टीबद्दल वाद नाही. पण पंचाहत्तरीपुढच्या पेन्शनरांना २०२१ पासून एक सवलत आहे: पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत येत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर ठरावीक बँका स्वतःच कर कापून मोकळ्या होतात, विवरणपत्र भरावं लागत नाही. चार बँकांमुळे ती सवलत गेली. आप्पांनी बँक बुडण्याचा धोका टाळला आणि सुनेला विवरणपत्रात बुडवलं.

तीन बँकांत नामनिर्देशन आईंच्या नावाने होतं. तिथे अर्ज, दाखला, ओळखपत्र, की काम झालं. एका बँकेने गंमत केली. खातं बंद करण्याचा आमचा अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होता आणि त्याच आठवड्यात आप्पांच्या मोबाइलवर त्यांचाच निरोप आला की केवायसी न केल्यास आपलं खातं बंद करण्यात येईल. मी लगेच कळवणार होते की जरूर करा, आम्ही त्याचीच वाट बघतोय. पण निरोपाला उत्तर देण्याची सोय नव्हती.

चौथ्या बँकेत नामनिर्देशित व्यक्ती म्हणून आप्पांच्या थोरल्या भावाचं नाव निघालं. ते १९९९ साली गेले. दर वेळी ठेवीची मुदत संपली, आप्पांनी बारकाईने पाव टक्का जास्त मागून घेतला, पावतीमागे तारखा लिहिल्या, पण भावाचं नाव काही खोडलं नाही. विसरले असतील. किंवा विसरले नसतील. थोरल्या भावाने शिकवलं, नोकरीला लावलं, हे ते आम्हाला कितीदा तरी सांगत.

इथे आम्हाला वकील गाठावा लागला. त्यांनी समजावलं की वारसाचे दाखले दोन तऱ्हेचे. एक १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा. दुसरा १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखालचा. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नाही, एल्फिन्स्टनसाहेबांच्या काळातलं ते रेग्युलेशन, आणि त्याखाली महाराष्ट्रातली न्यायालयं आजही वारसाचे दाखले देतात. बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटायला तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षं होती आणि साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे टिकाऊ आहे." सुदैवाने एल्फिन्स्टनसाहेबांना उठवावं लागलं नाही. रक्कम बेताची होती. बंधपत्र, प्रतिज्ञापत्र आणि दोन जामीनदार यांवर बँक राजी झाली. जामीनदार म्हणून शेजारचे काका आले आणि सही करून झाल्यावर दोन तास आप्पांबद्दल बोलत बसले. मी मटार सोलत ऐकत होते.

नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हेही या निमित्ताने घरात सर्वांना नीट कळलं. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा; पैसे कुणाचे ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला हेच सांगितलं, आणि तो खटला होता जयंत साळगावकरांच्या मालमत्तेवरून. म्हणजे ज्यांचं 'कालनिर्णय' आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि ज्याच्या चौकटीत मी दूध, इस्त्री आणि बँकेच्या तारखा लिहीत होते, तेच. साळगावकर गेले २०१३ साली. निकाल यायला दहा वर्षं लागली.

आता प्राप्तिकर. मेलेल्या माणसाला कर कसला, असं पुष्कळांना वाटतं. मृत्युकर, म्हणजे मागे ठेवलेल्या इस्टेटीवरचा कर, आपल्याकडे १९५३ पासून होता, तो व्ही. पी. सिंग अर्थमंत्री असताना १९८५ मध्ये रद्द झाला. पण माणसाने मरेपर्यंत मिळवलेल्या उत्पन्नावरचा कर त्याच्याबरोबर जात नाही. आम्हाला लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १५९ सांगतं की तो वारसाने भरायचा, आणि त्याला मिळालेल्या इस्टेटीपुरताच. म्हणजे बापाचा कर बापाच्या पैशातून, पोराच्या खिशातून नाही. मला हे कलम आवडलं. सरकारी भाषेत इतकी माणुसकी क्वचित सापडते.

पद्धत अशी की वारसाने स्वतःच्या नावाने पोर्टलवर शिरायचं, मयताचा प्रतिनिधी म्हणून नोंदणीची विनंती करायची, दाखला, दोघांचे पॅन, वारस असल्याचा पुरावा आणि हमीपत्र चढवायचं, आणि खात्याने मान्यता दिली की मयताचं विवरणपत्र भरायचं. नवऱ्याचं पॅन, नवऱ्याचं आधार, नवऱ्याचा मोबाइल, बोटं माझी. अडचण एकच, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येणार आणि नवरा पहिल्या पाळीला कंपनीत, फोन लॉकरमध्ये. त्यामुळे आप्पांच्या कराची सगळी कामं संध्याकाळी साडेचारनंतर, म्हणजे नेमकी दूध तापवायच्या, मुलीच्या क्लासच्या आणि पाण्याच्या वेळेला.

"ओटीपी सांगा लवकर!"

"टाकीवर आहे मी!"

"खाली या आधी!"

"बॉल कॉक सोडू का?"

ओटीपी काही मिनिटांत मरतो. आप्पा गेल्यावर आमच्या घरात असे कितीतरी मरताना मी पाहिले.

व्याजाचा हिशेब हा यातला गाभा. १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचं व्याज आप्पांचं. त्यानंतरचं वारसांचं, आणि ते त्यांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं. बँकांना ही फोड माहीत नसते. त्यांनी वर्षाचं सगळं व्याज आप्पांच्या पॅनवर चढवून खात्याला कळवलेलं, एका बँकेने तर त्यावर करही कापलेला. तेव्हा प्रत्येक ठेवीचे दिवस मोजून दोन भाग करायचे. मी ते गणित आप्पांच्याच गॅसच्या वहीच्या मागच्या पानांवर केलं. रकाने आधीच आखलेले होते. ऐंशीच्या पुढच्या माणसाला जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत कर नाही, शिवाय ज्येष्ठांना व्याजावर पन्नास हजारांची वजावट. ताळा केल्यावर दिसलं की आप्पांचं देणं शून्य आणि कापून गेलेला कर परत मिळायचा आहे. पाव टक्क्यासाठी मॅनेजरशी भांडणारा माणूस इतकी वर्षं व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा पंधरा-एच अर्ज भरायला कधी चुकला नव्हता. नेमका त्या वर्षी एका बँकेत राहून गेला.

नेहमीची मुदत ३१ जुलै. त्या वर्षी ती वाढून १५ सप्टेंबर २०२५ झाली आणि ऐनवेळी आणखी एक दिवस वाढली. मुदतवाढ मिळाली की काम मुदतवाढीच्या टोकाला जातं, हा आपला राष्ट्रीय नियम. आषाढी गेली, नागपंचमी गेली, गौरी-गणपती आले आणि गेले, आणि पितृपंधरवडा लागला. आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं की वर्षश्राद्धाच्या आधी पक्ष घालायचा नसतो. पहिल्या वर्षी पितरांच्या पंगतीत अजून त्यांचं पान नाही. प्राप्तिकर खात्याची अशी काही अडचण नव्हती. त्याने आप्पांना त्याच पंधरवड्यात बोलावलं. विवरणपत्र गेलं ते आकारणी वर्ष २०२५-२६ चं, ज्या वर्षात आप्पांनी एकही श्वास घेतला नव्हता. मिळकत एका वर्षाची, आकारणी पुढच्या वर्षाच्या नावाने, हा घोळ १९६१ च्या कायद्यातला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या २०२५ च्या कायद्यात एकच कर-वर्ष आहे. पुढे जाणाऱ्यांची तेवढी सोय झाली.

परतावा आईंच्या आणि आप्पांच्या जोडखात्यात आला. ते खातं आम्ही मुद्दाम बंद केलं नव्हतं. जाणत्या लोकांनी बजावलं होतं की परतावा येईपर्यंत एक खातं राहू द्या. आईंना सांगितलं, आप्पांचे पैसे आलेत. त्या म्हणाल्या, "त्यांच्या हयातीत सरकारने कधी दिले नाहीत."

वन्संबद्दल थोडं सांगते, कारण कागदांत सगळ्यात जड कागद तोच होता. घर आप्पांच्या स्वकष्टाचं आणि गावाकडे थोडी जमीन वडिलोपार्जित. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तेराव्यालाच सुचवून ठेवलं की इंदूरची येईल तेव्हा तिचं हक्कसोडपत्र करून घ्या, म्हणजे पुढे कटकट नको. असं सांगणारे वाईट नसतात. त्यांनी आपल्या बहिणींचंही असंच केलेलं असतं. बहिणीने हक्क सोडायचा आणि बदल्यात दर दिवाळीला साडीचोळी घ्यायची. या व्यवहाराला माया म्हणतात, पण त्यात मुलीची बाजू दर वेळी तोट्याची कशी, हे मला कधी कळलं नाही. वन्सं उन्हाळ्यात आल्या. आमरसाचं जेवण झालं. विषय कुणी काढावा म्हणून सगळे आमरसाकडे बघत होते. शेवटी त्यांनीच काढला. "मी सही करणार नाही. आप्पांची मुलगी आहे मी, पाहुणी नाही." कुणी काही बोललं नाही. मग नवरा म्हणाला, "तुला सही करायला कुणी सांगितलंय? वाटी पुढे कर." आणि त्याने तिला आमरस वाढला. नंतर भांडी घासताना वन्सं हळूच मला म्हणाल्या, "घरात माझं नाव राहू दे एवढंच. विकायला थोडंच सांगतेय." घराच्या कागदावर आता तिघांची नावं आहेत. माझं अर्थातच नाही. पण अर्ज माझ्या अक्षरात आहे.

गावाकडच्या जमिनीचा सातबारा काढला तर त्यावर अजून आजेसासरेच होते. ते आणीबाणीच्याही आधी गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली: मयत खातेदारांची नावं काढायची आणि वारसांची लावायची. त्यात आमचंही घोडं न्हालं. दाखले, प्रतिज्ञापत्र, वारसांची यादी, वारस नोंदवहीत नोंद, फेरफार, मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी. आजेसासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला मिळवायला ग्रामपंचायतीच्या दप्तरात जी धूळ उडाली तिने मी आठवडाभर शिंकत होते. ग्रामसेवकांनी रजिस्टरची पानं फार हळुवार उलटली, ते मात्र लक्षात राहिलं.

गावाकडचं विजेचं बिलही आजेसासऱ्यांच्याच नावाने येतं. आप्पांनी ते कधी बदललं नाही. मी बदलायचं म्हटलं तेव्हा नवरा म्हणाला, "कशाला? वेळेवर येतंय ना?" येतंय खरं. मरून पन्नासच्या वर वर्षं झाली, आजेसासऱ्यांची एकदाही थकबाकी नाही. ते मी तसंच ठेवलंय. सगळंच मी केलं तर पुढच्या पिढीला काम काय?

२०२५ च्या नोव्हेंबरात हयातीच्या सहीला आई गेल्या. आता त्या कुटुंब निवृत्तिवेतनधारक. त्यांचं हे पेन्शन 'इतर उत्पन्ना'त धरतात आणि त्यातून एक तृतीयांश किंवा ठरावीक रक्कम, जी कमी असेल ती वजा मिळते. जुन्या पद्धतीत पंधरा हजार, नव्यात पंचवीस. म्हणजे पुढच्या वर्षीपासून आणखी एक विवरणपत्र. बँकेतून परतताना आईंनी मला विचारलं, "आता मेल्याशिवाय सुटका नाही का गं यातून?" मी म्हटलं, "मेल्यावर तर नाहीच."

त्याच महिन्याच्या एक तारखेपासून बँकेच्या ठेवींना एकाच्या जागी चार जण नॉमिनी लावता येतात. रिझर्व्ह बँकेनेही नियम केलाय की सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मयत खातेदाराचा दावा निकाली काढायचा. यातला 'सगळी' हा भाग तेवढा अवघड आहे. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तुमच्या घरातल्या कुणाच्या तशा पडून असतील तर 'उद्गम' नावाच्या पोर्टलवर नाव घालून शोधता येतात.

बाकी तज्ज्ञांचे सल्ले पुरवण्यांत भरपूर छापून येतात; मी त्यांत भर घालत नाही. एवढंच करा. पासबुकं आणि पावत्या काढा, आणि नॉमिनी म्हणून ज्यांची नावं लिहिली आहेत ती माणसं अजून आहेत ना, ते बघा. आणि कागद कुठे ठेवलेत हे मुलाला सांगाल तेव्हा सुनेलाही बोलावून घ्या. तिची सही कुठेच लागणार नाही, पण काम तीच करणार आहे.